चिनी-जपानी कागदांतली अफू : कोणता शब्द कुणाच्या तोंडचा

प्रश्न असा आहे : मुंबई आणि चीनमधल्या अफूच्या व्यापारावर मराठीत लिहायचं आहे. वाचनातून अफूसाठीचे बरेच चिनी-जपानी शब्द जमा झाले आहेत, पण कोशात बघावं तर बहुतेकांपुढे नुसतं ‘अफू’. हे सगळे समानार्थी आहेत का? मराठीत सरसकट ‘अफू’ लिहिलं तर बिघडेल का? आणि जपानी शब्द म्हणजे चिनी शब्दांचेच जपानी उच्चार का?

बिघडेल, आणि चांगलंच बिघडेल. मी चिनी आणि जपानी दप्तरी कागदांचा अनुवाद करतो. त्यात जकातीचे, पोलिसांचे आणि सरकारी मक्त्यांचे कागद जास्त. अफूचा शब्द दिसला की मी आधी कोश उघडत नाही. कागद कुणी लिहिला आणि कोणत्या साली, ते बघतो. वैद्य, जकातदार, ओढणारा, विकणारा आणि बंदी घालणारा, प्रत्येकाचा शब्द वेगळा. चिनी भाषेत ओढणाऱ्यांचे आणि व्यापाऱ्यांचे शब्द उदंड आहेत. जपानीत ते जवळजवळ नाहीतच. तिथले शब्द कायद्याचे आणि कारकुनांचे. एवढं धरून चाललात तरी यादीतला निम्मा गोंधळ सुटेल.

मूळ नावापासून सुरुवात करू. चिनी ‘याफिएन’ दोन अक्षरांनी लिहितात : एकाचा अर्थ कावळा, दुसऱ्याचा काप किंवा तुकडा. ‘अफू काळी, म्हणून कावळा’ असं स्पष्टीकरण लोकप्रिय लेखांत सापडतं, त्याला भुलू नका. अक्षरं फक्त आवाजासाठी घेतलेली आहेत. ग्रीक ‘ओपिऑन’, त्यावरून अरबी ‘अफयून’, त्यावरून आपली अफू, हिंदी अफीम, गुजराती अफीण. आणि त्याच घराण्यातला हा चिनी शब्द. रोमन लिपीत तो ‘प’ने लिहितात म्हणून नातं झाकलं जातं, प्रत्यक्षात उच्चार महाप्राण आहे. दक्षिणेतल्या कॅन्टन बंदराच्या बोलीत, कॅन्टोनीजमध्ये, ‘आ-फिन’, फूजिएनकडच्या होक्किएन बोलीत ‘अ-फिएन’. गुजराती व्यापाऱ्याची अफीण आणि कॅन्टनच्या दलालाची आ-फिन यांत अंतर ते किती! देवनागरीत लिहिताना हा फायदा आपल्याला फुकट मिळतो, तो घ्यावा.

याच शब्दाचं दुसरं लेखनही जुनं आहे. त्यात कावळ्याच्या जागी अमिताभ बुद्धाच्या चिनी नावातलं पहिलं अक्षर येतं, ज्याचा आवाज नुसता ‘आ’. जपान्यांनी प्रामुख्याने हे लेखन उचललं आणि ते ‘आहेन’ असं वाचलं. इथला ‘ह’ चकवतो. सोळाव्या-सतराव्या शतकात जपानी ‘ह’ ओठांवरून फुंकल्यासारखा उच्चारला जाई. पोर्तुगीज पाद्री तो ‘एफ’ने लिहीत. म्हणजे जुना उच्चार ‘आफेन’च्या जवळचा. तेही आपलंच घराणं.

तुमच्या यादीत ‘आफूरोंग’ असेल. हा वैद्यकाचा शब्द. ली शिजन या वैद्याने १५७८ मध्ये पुरा केलेल्या आणि १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या औषधींच्या महाग्रंथात तो येतो. फूरोंग म्हणजे जास्वंदीच्या कुळातलं एक देखणं फूल. कमळालाही हा शब्द लावतात. ली शिजनने खुलासा दिला की ‘आ’ म्हणजे बोलीभाषेतलं ‘मी’, आणि फुलाचा रंग फूरोंगसारखा म्हणून हे नाव. विद्वान माणूस, पण इथे त्याने अरबी शब्दाला चिनी कपडे चढवले. पुढच्या काळातल्या रसिक ओढणाऱ्यांना हेच नाव आवडलं, कारण त्यात फूल होतं. त्यामुळे मिंग काळातल्या (१३६८–१६४४) वैद्यकग्रंथात आफूरोंग दिसलं तर मराठीत सरळ ‘अफू (औषधी)’ लिहा. एकोणिसाव्या शतकातल्या कवितेत दिसलं तर तो लाडिक शब्द आहे, हे वाचकाला कळू द्या. मिंग दरबाराला सयामकडून नजराण्यात येणारी ‘वूशिआंग’, म्हणजे ‘काळा सुगंध’, हीसुद्धा अफूच. ती तिथे धूप-अत्तरांच्या पंगतीत बसते.

झाडाचं नाव वेगळं. चिनी ‘यिंगसू’ म्हणजे ‘घटातली कांगणी’ : बोंड घटासारखं, आत बारीक दाणे. अगदी आपलं बोंड आणि खसखस. जपानीत झाडाला ‘केशी’ म्हणतात, आणि इथे मोठी खोच आहे. ‘केशी’ ज्या अक्षरांनी लिहीत ती मुळात मोहरीची. बौद्ध ग्रंथांतला संस्कृत सर्षप चिनीतून जपानला गेला तो याच अक्षरांनी, आणि देवळांतल्या ‘गोमा’त, म्हणजे आपल्याच होमात, ती केशी अग्नीत टाकत. अकराव्या शतकातल्या ‘गेंजी’च्या कथेत रोकुजो या मानिनीच्या कपड्यांना केशीचा वास येतो आणि आपलाच आत्मा भटकून दुसरीला छळत होता हे तिला उमगतं. काही भाषांतरांत तिथे खसखशीचं झाड उगवलं आहे. ती मोहरी आहे. भूत उतरवायला मोहरी जाळतात हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको! तेव्हा जुन्या जपानी मजकुरात केशी दिसली तर अफूकडे धाव घेऊ नका.

आता ज्या शब्दावर सर्वांत जास्त अनुवाद फसलेले पाहिले तो : ‘येन’. अर्थ धूर. तंबाखू चीनमध्ये आली तेव्हा हा शब्द तंबाखूला चिकटला. मग तंबाखूत अफू मिसळून ओढायची पद्धत आग्नेय आशियातून आली, आपल्याकडच्या मदकच्या जातीची. १७२९ मध्ये योंगजंग बादशहाने बंदी घातली ती या ‘याफिएन-येन’वर, अफूच्या धुरावर, औषधी अफू दुकानात राहिली. पुढे तंबाखू गळून नुसती अफू ओढली जाऊ लागली आणि एकोणिसाव्या शतकात ‘येन’ म्हटलं की बहुधा अफूच. फरक करायचाच झाला तर ‘दायेन’, मोठा धूर, किंवा ‘यांगयेन’, विलायती धूर. विसाव्या शतकात सिगारेट पसरली, अफू गेली, आणि येन पुन्हा तंबाखूकडे परतला.

परिणाम असा की आज चिनी डॉक्टर ‘जिएयेन’ करा म्हणाला तर सिगारेट सोडा; १८९० च्या कागदात तेच दोन शब्द म्हणजे अफू सोडा. १९०९ ची शांघायची आंतरराष्ट्रीय अफू परिषद चिनीत ‘जिन्येन’ परिषद आहे, आणि जपानी रेल्वेच्या डब्यात तीच दोन अक्षरं ‘किनएन’ म्हणून लावलेली असतात : धूम्रपान मनाई. जपानीत धुराचा शब्द अफूकडे कधी सरकलाच नाही, त्यामुळे जपानी वाचकही जुना चिनी मजकूर वाचताना इथे घसरतो.

याच येनमधला एक प्रसंग मराठी पुस्तकांत हमखास चुकीचा येतो. १८३९ मध्ये बादशहाचा खास अधिकारी लिन झश्यू याने कॅन्टनजवळच्या हूमनला अफू ‘जाळली’ असं लिहिलं जातं. चिनी शब्द ‘शिआओयेन’ आहे. त्यातल्या शिआओचा अर्थ नष्ट करणे, निकालात काढणे. जाळण्याचा शब्द ‘शाओ’ वेगळा. अफू जाळली असती तर वितळून जमिनीत मुरली असती आणि लोकांनी माती खणून परत काढली असती. म्हणून किनाऱ्याला मोठे खड्डे खणले, त्यांत पाणी आणि मीठ घातलं, गोळे फोडून भिजत टाकले, वरून कळीचा चुना ओतला, मजुरांनी फावड्यांनी ढवळलं आणि ओहोटीला दारं उघडून सगळा राडा समुद्रात सोडला. परदेशी व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या पेट्या २०,२८३; काम ३ जून ते २५ जून चाललं. त्याआधी लिनने समुद्रदेवतेची पूजा करून जलचरांना काही काळ दूर राहायला सांगण्याची विनंती केली होती. मराठीत ‘अफूचा नाश केला’ किंवा ‘अफू चुन्यात विरघळवून समुद्रात सोडली’ असं लिहा. पुढे राष्ट्रवादी सरकारने ३ जून हाच जिन्येनचा, म्हणजे अफूबंदीचा दिवस ठरवला.

आता तुमच्या मुख्य विषयाकडे. व्यापाऱ्याचा शब्द ‘थू’, म्हणजे माती. कच्च्या अफूला ‘येनथू’. नुसतं ‘थू’ लिहिलेलं असेल आणि शेजारी पेट्या किंवा वजन असेल तर ती अफू. या मातीचे प्रकार गावावरून, रंगावरून आणि मालकावरून ओळखत. शू नाइजी या अधिकाऱ्याने १८३६ मध्ये बादशहाला अर्ज लिहिला की अफू कायदेशीर करून कर घ्यावा. त्यात त्याने तीन प्रकार सांगितले. काळ्या सालीची ‘गोंगबान’, बंगालची. पांढऱ्या सालीची ‘बाइफी’, मुंबईची. तांबड्या सालीची ‘होंगफी’, मद्रासची. गोंगबान हा चिनी शब्द नव्हेच, तो ‘कंपनी’ आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्यातली पाटणा-बनारसची अफू, पाकळ्यांच्या पोळीत गुंडाळलेले गोळे, पेटीत ४० गोळे.

बाइफी म्हणजे माळव्याची. तुमच्या मराठी वाचकाला इथे थांबवा, कारण ही अफू बऱ्याच अंशी शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली. तिच्यावर कंपनीचा मक्ता चालत नसे, म्हणून कंपनीने मुंबईमार्गे जाणाऱ्या मालावर परवान्याची फी बसवली. आणि ती चुकवायची तर माल राजस्थानातल्या पालीवरून कराची, तिथून पोर्तुगीजांचं दमण, पुढे मकाव असा जाई. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतल्यावर ती वाट बंद झाली. जमशेटजी जीजीभाईंसारख्यांची संपत्ती ज्या व्यापारात वाढली त्यातली मुंबईची अफू कॅन्टनच्या दलालाच्या तोंडी ‘पांढरी साल’ होती. त्यामुळे ‘बाइफी-थू’चं भाषांतर ‘पांढरी अफू’ करू नका. पांढरी म्हटल्यावर आजच्या वाचकाला हेरॉइनची पूड आठवते. ‘माळवी अफू’ लिहा आणि एकदाच कंसात पांढऱ्या सालीचा खुलासा द्या. पुढे देशी माल वाढला तशी ‘युन्थू’, युन्नानची माती, आणि ‘छ्वानथू’, सिचुआनची माती, हे शब्द आले.

जकातदाराची भाषा १८५८ नंतर बदलते. दुसऱ्या अफूयुद्धाच्या तहांनंतर शांघायला जकातीचा जो करार झाला त्यात अफूच्या आयातीला परवानगी मिळाली, कर दर दानाला (सुमारे ६० किलोला) ३० लिआंग चांदी (लिआंग हे वजन, शेवटी पाहा). पण बादशहाच्या बंदीचे हुकूम असलेला ‘याफिएन’ शब्द दरपत्रकात कसा छापायचा? म्हणून ‘यांगयाओ’, विलायती औषध. पुढे देशी अफूवरही कर बसला तेव्हा ती ‘थूयाओ’, देशी औषध. जकातीच्या अहवालात यांगयाओ दिसलं की औषधांची आयात समजून तक्ते केलेले मी पाहिले आहेत! ते औषध नव्हे. १८८५ च्या पुरवणी करारात जुने ३० आणि अंतर्गत कराचे ८० मिळून ११० लिआंग एकत्र वसूल करायचं ठरलं आणि १८८७ पासून अंमल सुरू झाला. त्यानंतरच्या कागदांत आकडे का उडी मारतात ते यावरून समजेल. मराठीत मी ‘विलायती औषध’ असं अवतरणात ठेवतो आणि पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे अफू’ जोडतो. सरकारने शब्द लपवला होता ही गोष्ट अनुवादातही दिसली पाहिजे.

ओढणाऱ्याच्या खोलीत गेलं की भाषा एकदम जिवंत होते. कच्ची ‘थू’ ओढता येत नाही. गोळा फोडून पाण्यात विरघळवायचा, गाळायचा, मंद आचेवर आटवायचा, काकवीसारखा घट्ट काळा लगदा होईपर्यंत. तो ‘गाओ’, म्हणजे लेप किंवा चाटण. आपल्याकडे याला चंडू म्हणत आणि हाच शब्द सिंगापूर-मलायापर्यंत गेला, तेव्हा ‘येनगाओ’ला मराठीत चंडू हा तयार प्रतिशब्द आहे, वापरा. गिऱ्हाइकाला खूश करणारं त्याचं नाव ‘फूशौ-गाओ’, सौख्य आणि दीर्घायुष्याचं चाटण.

ओढणारा कुशीवर आडवा होतो. शेजारी तबकात ‘येनदंग’, दिवा. सळईच्या टोकावर थेंबभर चंडू घेऊन दिव्यावर धरला की तो फुगतो. त्या फुगलेल्या गोळीला ‘येनफाओ’, बुडबुडा. ती वळून नळीच्या वाटीवरच्या बारीक भोकापाशी चिकटवायची, वाटी दिव्यावर उलटी धरायची आणि ओढायचं. चंडू पेटत नाही, त्याची वाफ होते. ‘अफू पेटवली’ असं लिहिलंत तर जाणकार हसेल. नळीला ‘येनछियांग’, शब्दशः धुराची बंदूक. ‘त्याच्या हाती बंदूक होती’ असं भाषांतर होऊन एका निरुपद्रवी म्हाताऱ्याचा दरोडेखोर झालेला मी वाचला आहे. उरलेली काजळी खरवडून गरिबांना विकत. कॅन्टोनीजमध्ये तिला धुराची विष्ठा म्हणत आणि तो शब्द ‘येन्शी’ होऊन अमेरिकन गुन्हेगारांच्या बोलीत गेला.

क्रियापदांकडे विशेष लक्ष द्या. ‘छौ’ म्हणजे ओढणे, मराठीशी तंतोतंत जुळतं. पण शांघायच्या बाजूच्या कागदांत ‘छ्र’, म्हणजे खाणे, येतं आणि तिथे ‘धूर खाणे’ म्हणजे ओढणेच. भारतात अफू खरोखरच खात किंवा पाण्यात घोळून पीत, म्हणून आपला लेखक बिनधास्त ‘अफू खात असे’ लिहून मोकळा होतो. उलट ‘थुन’, गिळणे, आलं तर सावध व्हा. छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळाच्या अखेरच्या वर्तमानपत्रांत एखाद्या सुनेने ‘येन गिळली’ अशी बातमी असते, ती आत्महत्येची बातमी आहे.

तलफेचा शब्द ‘यिन’. अक्षर असं घडलंय की बाहेर आजाराचं चिन्ह आणि आत ‘लपलेलं’ हा शब्द. मराठीत ‘व्यसन’ हा तिचा प्रतिशब्द म्हणून देतात, मला तो पटत नाही. ‘तलफ’ बरोबर बसतो, कारण यिन येते, चढते आणि भागते. ‘गुओयिन’ म्हणजे तलफ भागवणे. आज चिनी पोरं मस्त सिनेमा बघून ‘गुओयिन!’ म्हणतात, तिथे ‘मजा आली’ लिहा. अट्टल ओढणाऱ्याला ‘येनग्वे’, धुराचं भूत. जरा बऱ्या घरचा असेल तर उपहासाने ‘यिन-जुन्झ’, तलफवाले गृहस्थ. आणखी वरच्या वर्गातला स्वतःला ‘येनश्या’चा नाद आहे म्हणे. येनश्या म्हणजे धुकं आणि सांजरंग. थांग काळापासून (सातवं ते दहावं शतक) डोंगरदऱ्यांत रमणाऱ्या विरक्ताच्या छंदाला हा शब्द होता. तेव्हा जुन्या कवीला येनश्याचा नाद असेल तर तो निसर्गवेडा, आणि १८८० च्या शांघायमधल्या सावकाराला असेल तर तो अफूबाज. तारीख न बघता हे कळणार नाही. बंदीच्या काळात शांघायमधल्या चोरट्या अड्ड्याला पाकोळीचं घरटं म्हणत. पोलिसांच्या कागदात पक्ष्यांचं घरटं ‘धाड घालून उद्ध्वस्त’ झालं तर दचकू नका.

अफू सोडवणाऱ्या गोळ्यांचा बाजारही मोठा होता. ‘जिएयेन’च्या गोळ्यांत बऱ्याचदा अफू किंवा मॉर्फिनच असे. मिशनरी दवाखान्यांतून मॉर्फिन मिळू लागलं तेव्हा लोकांनी त्याला ‘येसू-याफिएन’, येशूची अफू, असं नाव ठेवलं. यावर मला काही भर घालावीशी वाटत नाही.

१९०६ च्या बादशाही हुकमाने दहा वर्षांत अफू संपवायचं ठरलं आणि पुढच्या प्रजासत्ताक काळात सरकारी शब्द उलटे झाले. लष्करशहांच्या आणि नंतरच्या राजवटींच्या ‘जिन्येन’ कचेऱ्या, नाव अफूबंदीचं, प्रत्यक्ष काम अफूवरचा कर गोळा करणं. त्याला तत्त्वही होतं : ‘करातूनच बंदी’. काही प्रांतांत शेतकऱ्याने खसखस पेरली नाही तर ‘लानज्वेन’, आळशीपणाचा कर. अफूचं नाव ‘थ-हुओ’, विशेष माल. तिच्यावरचा कर विशेष कर. येनानच्या कम्युनिस्ट मुलखातल्या हिशेबांतही ती ‘विशेष उत्पादन’ म्हणून येते. इथे कचेरीचं नाव शब्दशः ‘अफूबंदी कचेरी’ असंच ठेवा, आणि ती काय करत होती ते शेजारच्या वाक्यात सांगा.

जपानीकडे वळलं की शब्दसंग्रह एकदम कोरडा होतो. कारण सरळ आहे, खुद्द जपानात अफू ओढण्याची प्रथा रुजलीच नाही. तोकुगावा शोगुनांच्या काळात (१६०३–१८६८) उत्तरेकडच्या त्सुगारू भागात अफूचं पीक घेत, म्हणून अफूलाच ‘त्सुगारू’ म्हणत आणि तिथल्या संस्थानाची ‘इचिर्यू किनतान’ ही अफूयुक्त गोळी प्रसिद्ध होती. हा औषधाचा शब्द. मग चीनचं अफूयुद्ध झालं आणि जपानी राज्यकर्ते घाबरले. १८५८ च्या अमेरिकेबरोबरच्या तहात अफूची आयात बंद. व्यापारी जहाजावर तीन कॅटीहून (कॅटी म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम) जास्त सापडली तर जादाची जप्त करून नष्ट करायची. तरी शब्दाची भांडणं संपली नाहीत. १८७८ मध्ये योकोहामाच्या ब्रिटिश वकिलातीच्या न्यायालयाने हार्टली नावाच्या व्यापाऱ्याला सोडलं ते अफू ‘औषधी’ आहे, तहातली बंदी तिला लागू नाही, या मुद्द्यावर. असमान तहांविरुद्ध जपानात जो संताप साठत होता त्यात या निकालाने भर पडली.

१९०७ च्या जपानी दंडसंहितेत एक प्रकरण ‘आहेन-एन’बद्दल आहे, ओढण्याजोग्या तयार अफूबद्दल, ते आजही लागू आहे. कच्च्या अफूचा आणि लागवडीचा कारभार १९५४ च्या ‘आहेन-हो’ या वेगळ्या कायद्यात. मराठीत दोन्हींना ‘अफू कायदा’ म्हणू नका. कायद्यात आता आहेन हिरागानात, म्हणजे चिनी अक्षरांऐवजी जपानी उच्चारलिपीत, लिहितात, कारण १९४६ च्या सरकारी अक्षरयादीत त्यातलं पहिलं अक्षर नव्हतं. कागदाचा काळ ओळखायला ही खूण उपयोगी पडते.

ओढण्याशी जपानी सरकारचा खरा संबंध आला तैवानमध्ये, १८९५ ला बेट हाती आल्यावर. गोतो शिंपेई या जपानी अधिकाऱ्याने ‘गेनकिन’, कडक बंदी, याऐवजी ‘झेनकिन’, हळूहळू बंदी, सुचवली. (गेनकिन या आवाजाचा जपानीत रोकड पैसा असाही अर्थ होतो. रोकड झेनकिननेच दिली.) १८९७ च्या हुकमाने नोंदणीकृत ओढणाऱ्यांना परवाने, माल सरकारी मक्त्याचा. १९०० च्या सुमाराला परवानेधारक १.६ लाखांहून जास्त होते. सरकारी चंडूच्या तीन प्रतींना नावं होती सौख्य, पद आणि दीर्घायुष्य; म्हणजे चिनी दुकानदाराचं ‘फूशौ’ सरळ सरकारी डब्यावर चढलं. परवानेधारकाला ‘आहेन-इन्शा’ म्हणत. त्यातला ‘इन’ म्हणजेच तो चिनी ‘यिन’, पण इथे तलफ गेली आणि नोंदवहीतला वर्ग उरला. म्हणून मी ‘नोंदणीकृत अफूबाज’ न लिहिता ‘परवानाधारक’ लिहितो. १९३० मध्ये तैवानच्या लोकपक्षाने या धोरणाविरुद्ध थेट राष्ट्रसंघाकडे तक्रार केली. त्याच वर्षी डॉ. दू छोंगमिंग यांच्या हाताखाली व्यसनमुक्तीचं रुग्णालय सुरू झालं. लघवीच्या तपासणीवरून व्यसनी ओळखण्याची पद्धत त्यांनी वापरात आणली.

मांचुक्वो, म्हणजे मांचुरियातलं जपानच्या हातातलं बाहुलं राज्य, आणि जपानव्याप्त चीन यांमध्ये शब्द आणखी गुळगुळीत झाले. शांघायमध्ये १९३९ पासून साटोमी हाजिमे हा जपानी ज्या संस्थेमार्फत अफू विकत होता तिचं नाव ‘होंगजी शानथांग’, धर्मादाय परोपकार भवन म्हणा. आणि देखरेख करणारं खातं ‘जिएयेन’चं, व्यसनमुक्तीचं! जपानी अहवालात ही नावं आली तर इस्पितळं समजू नका.

‘मायाकु’चाही एक सापळा आहे. आज जपानीत अमली पदार्थांना हा शब्द आहे आणि त्यातलं पहिलं अक्षर तागाचं, म्हणजे भांगेच्या झाडाचं दिसतं. मूळ अक्षर बधिरपणाचं होतं. सोप्या लेखनात ते ताग झालं. भांगेला ‘ताइमा’ म्हणतात. मायाकुचं मराठी ‘अमली पदार्थ’, ‘गांजा’ नव्हे.

शेवटी वजनं, कारण व्यापारावर लिहिताना सर्वांत जास्त चुका तिथेच. दान म्हणजे १०० जिन, साधारण ६० किलो. माळव्याची पेटी याच मापाची धरतात. जिनचे १६ लिआंग, लिआंगचे १० छिएन. लिआंग हे अफूचंही वजन आहे आणि पैसे म्हणून तोलल्या जाणाऱ्या चांदीचंही, तेव्हा वाक्यात अफू किती आणि पैसे किती हे आधी वेगळं करा. छिएनचा रोजचा अर्थ ‘पैसे’. ‘तो रोज तीन छिएन ओढतो’ म्हणजे तीन पैशांची नव्हे, तर सुमारे ११ ग्रॅम, आपल्या तोळ्याच्या थोडी आतच. लिआंगला मात्र तोळा लिहू नका, तो तीन तोळ्यांहून जास्त भरतो. आणि १९३० च्या पुढचा कागद असेल तर जिन ५०० ग्रॅमचा झालेला असू शकतो. जुना जिन सुमारे ६०० ग्रॅमचा, म्हणजे एकाच तक्त्यात दोन्ही मिसळले तर बेरीज सहाव्या हिश्श्याने चुकते.